चामड्यातील धातू : एका गाठीचा इतिहास



कोल्हापूरकरांपुढे चामड्याविषयी बोलावयाचे, म्हणजे काशीकरांना गंगा समजावून सांगण्यापैकीच आहे. चपलेचा तळवा कसा असावा, कान कुठे यावेत, वादी कशी ओवावी आणि नवी चप्पल पहिल्या आठवड्यात का चावते, हे आपणांस ठाऊक आहेच. माझा आजचा विषय त्याच चपलेच्या आत दडलेला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. कच्चे कातडे दोन दिवसांत कुजते आणि कमावलेले चामडे वर्षानुवर्षे टिकते. मग या दोहोंच्या मध्ये काय घडते? ते घडविण्याचे जे दोन मार्ग माणसाला सापडले, त्यांतला एक झाडाच्या सालीचा आणि दुसरा धातूचा. धातूचा अणू प्रथिनाला कोठे आणि कसा बांधला जातो, हे कळावयास माणसाला फार काळ लागला. त्या गाठीचा इतिहास आज मी सांगणार आहे.

मराठीत ‘कमावणे’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. आपण पैसा कमावतो, तालमीत शरीर कमावतो आणि कातडेही कमावतो. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : निसर्गाने दिलेले जसेच्या तसे उपयोगी पडत नाही, त्यावर कष्ट करावे लागतात. जनावराचे कातडे म्हणजे मुख्यतः एक प्रथिन आहे. त्याचे नाव कोलॅजेन. कोणतेही प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची लांबलचक माळ. ही माळ आखूड असली, म्हणजे तिला पेप्टाइड म्हणतात. कोलॅजेनमध्ये अशा तीन माळा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. आपल्याकडे तीन पदरी दोर वळतात, तसाच हा दोर. दोराचे दोर जुळून तंतू होतात, तंतूंचे जाळे होते आणि त्या जाळ्यात पाणी भरलेले असते. पाणी आहे म्हणून जंतू आहेत, आणि जंतू आहेत म्हणून कूज आहे. कातडे नुसते वाळविले तर ते फळीसारखे कडक होते आणि भिजले की पुन्हा कुजू लागते. कमावणे म्हणजे या दोरांच्या मध्ये असे काही तरी बसविणे, की जे दोरांना एकमेकांशी बांधून ठेवील, पाण्याने सुटणार नाही आणि जंतूंना दाद देणार नाही.

आपल्या भागातील कारागिराने ही गाठ मारली ती बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने. कातडे आधी चुन्याच्या निवळीत ठेवावयाचे, केस सुटले की खरवडून काढावयाचे, चुना धुऊन टाकावयाचा. मग त्या कातड्याची पिशवी शिवून ती टांगावयाची, आणि तीत साल व हिरड्याचा अर्क भरावयाचा. अर्क झिरपत राहतो, खालचा पुन्हा वर ओतावयाचा, पिशवी उलटी टांगावयाची. कित्येक आठवडे हा उद्योग चालतो. सालीतील आणि हिरड्यातील टॅनिन हे द्रव्य कोलॅजेनच्या माळांना ठिकठिकाणी चिकटते. ही प्रत्येक चिकटण दुबळी असते. पण अशा असंख्य चिकटणी एकत्र आल्या, म्हणजे त्यांचे बळ मोठे होते. टॅनिन भरपूर मुरते, म्हणून चामडे जाड, भरीव आणि वजनदार होते. कोल्हापुरी चपलेचा तळवा झिजतो पण लेचापेचा होत नाही, याचे कारण हेच.

या हिरड्याची कीर्ती एके काळी लंडनच्या बाजारापर्यंत पोहोचली होती. ब्रिटिश चर्मव्यवसायाला हिंदुस्थानी हिरडा लागे, आणि तेथील व्यापारी त्याच्या प्रती गावांच्या नावांनी ओळखत. जबलपूरच्या नावाची एक प्रत होती, तशीच एक राजापूरच्या आणि एक वेंगुर्ल्याच्या नावाची. राजापूर आणि वेंगुर्ले ही आपल्याच घाटांखालची बंदरे. सह्याद्रीच्या रानात गोळा केलेले फळ घाट उतरून जाई आणि परक्या मुलुखातील बुटाच्या तळव्यात मुरे.

हा धंदा ज्यांच्या हातांत होता, त्यांच्याविषयी दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. कातडे कमावणारा ढोर समाज आणि त्या चामड्याची वस्तू करणारा चांभार समाज, या दोघांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांभोवती जे शरण जमले, त्यांत ढोर कक्कय्या होते आणि पादत्राणे करणारे हरळय्याही होते. त्या मंडळींनी श्रमाला पूजेचा मान दिला. परंतु आपल्या समाजाने पुढे काय केले? चप्पल पायात घातली आणि ती करणाऱ्याला वेशीबाहेर ठेवले. ज्या कुंडात अनेक शतकांचे रसायनज्ञान साठले होते, त्याची आम्हांला घाण आली. पाटी-पेन्सिल ज्याच्या हाती दिली नाही, त्याच्या ज्ञानाची पोथी तरी कोण लिहिणार? या प्रकरणाच्या इतिहासात परदेशी नावे पुष्कळ येतील आणि आपल्या कारागिरांचे एकही येणार नाही. त्याचे कारण त्यांनी काही केले नाही हे नसून, त्यांचे कोणी टिपून ठेवले नाही हे आहे.

सालीने कमावणारा कारागीर लोखंडाला कटाक्षाने दूर ठेवतो. ओल्या चामड्याला लोखंडाचा स्पर्श झाला की काळा डाग पडतो, तो निघत नाही. लोखंडाचा अणू टॅनिनला घट्ट धरतो आणि काळाभोर रंग तयार होतो. जुन्या काळची काळी शाई हिरडा आणि हिराकस यांच्या मिश्रणातूनच होई. रंगारी लोक गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून हिरडा लावलेल्या कापडावर काळा रंग उठवीत. म्हणजे धातू कशाला तरी धरून बसतो, ही गोष्ट आपल्या लोकांच्या हातांना माहीत होती. गाठीचे नाव मात्र त्यांना माहीत नव्हते.

धातू आणि प्रथिन यांची थेट गाठही माणसाने फार पूर्वी वापरली. तुरटीने कातडे पांढरे आणि मऊ होते, हे प्राचीन लोकांना ठाऊक होते. तुरटीत ॲल्युमिनियम असते. त्याचा भारित अणू, ज्याला शास्त्रात आयन म्हणतात, तो कोलॅजेनला धरतो. पण ही गाठ निसरगाठ आहे. असे चामडे भिजले की तुरटी धुऊन जाते आणि मूळचे कातडे परत येते.

याच गाठीने एकदा एका मोठ्या शास्त्रज्ञाचे प्राण वाचविले. १८२५ साली पॅरिसमध्ये तेनार हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक व्याख्यान देत असता, पाण्याचा समजून त्याने पाऱ्याच्या जहरी क्षाराचा पेला तोंडाला लावला. घोट घेताच चूक ध्यानी आली. त्याने शांतपणे विद्यार्थ्यांना अंडी आणावयास सांगितले. अंड्यांचा पांढरा बलक पोटात गेला, बलकातील प्रथिनाने पाऱ्याला धरून ठेवले, आणि गुरुजी वाचले. शाळेच्या प्रयोगशाळेत आपल्यापैकी अनेकांनी आणखी एक प्रयोग केला असेल : अंड्याच्या बलकात थोडा दाहक सोडा आणि मोरचुदाचे दोन थेंब टाकले की जांभळा रंग चढतो. मोरचुदातील तांबे पेप्टाइडांच्या माळेतील नायट्रोजनच्या अणूंना चहूकडून पकडते, त्याचा तो रंग. एकोणिसाव्या शतकात हे सारे दिसत होते. पण दिसणे वेगळे आणि समजणे वेगळे.

त्या शतकाच्या उत्तरार्धात एका नव्या धातूने चर्मव्यवसायात प्रवेश केला, आणि जगातील बाजार उलटापालटा करून टाकला. तो धातू म्हणजे क्रोमियम. १७९७ साली फ्रान्समधील व्होक्लँने तो शोधून काढला होता. त्याचे क्षार कातडे कमावू शकतात असे जर्मनीतील क्नाप याने १८५८ साली लिहिले, पण त्यात व्यापारी अर्थ आहे असे त्याला वाटले नाही. तो अर्थ दिसला न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झला. बायकांच्या कमरपट्ट्यांतील पोलादी कांबींवर चढविलेले तुरटीचे चामडे त्या कांबी गंजवीत असे, अशी एका व्यापाऱ्याची तक्रार होती. त्यावर उपाय शोधताना शुल्ट्झने क्रोमची पद्धत बसविली आणि १८८४ साली तिचे पेटंट घेतले. १८९३ मध्ये मार्टिन डेनिसने ती आणखी सोपी केली. जे काम सालीने आठवडे घेई, ते क्रोमने एका-दोन दिवसांत होऊ लागले.

हिंदुस्थानात ही पद्धत मद्रासेत आली ती १९०३ च्या सुमारास, आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या प्रयत्नाने. त्यांच्या डोळ्यांपुढे साहेबाचा बूट होताच. पण त्याआधी होती आपल्या शेतकऱ्याची मोट! सालीने कमावलेली मोट सतत पाण्यात राहून सडते, टॅनिन हळूहळू पाण्यात उतरते; क्रोमची मोट अधिक टिकेल, हा त्यांचा हिशेब होता. हिशेब रास्त होता. क्रोमचे चामडे उकळत्या पाण्यात टाकले तरी आक्रसत नाही. कच्चे कातडे साठ-पासष्ट अंशांवर गोळा होते, सालीचे पंचाहत्तर ते पंचाऐंशी अंशांपर्यंत तग धरते. क्रोमचे मात्र शंभर अंशांच्या उकळीलाही उभे राहते. आणि एवढे करावयास शंभर भाग चामड्यात क्रोमियम ऑक्साइडचे तीन-चार भाग पुरतात. इतक्या थोडक्या धातूने एवढे बळ कोठून आणले?

उत्तराची पहिली किल्ली स्वित्झर्लंडमध्ये सापडली. धातूचा आयन आपल्याभोवती ठराविक संख्येने आणि ठराविक दिशांनी सोबती जमवितो, हा सिद्धान्त आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ साली मांडला. दरबारात मानकऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात, तशा या जागा ठरलेल्या असतात. क्रोमियमभोवती अशा सहा जागा आहेत. पुढे विसाव्या शतकात स्वीडनच्या गुस्ताव्हसन यांनी दाखविले की, क्रोम कोलॅजेनला कोठेही धरीत नाही. माळेत ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक ही जी अम्ले आहेत, त्यांच्या कार्बॉक्सिल नावाच्या टोकांना धरतो. ती टोके रासायनिक रीतीने झाकून टाकली, तर कातडे क्रोम जवळजवळ घेतच नाही. कुलूप सापडले, किल्ली सापडली. पण ज्या दारावर ते कुलूप होते, त्या दाराचा आकार अजून ठाऊक नव्हता.

तो आकार आपल्याच देशात उलगडला. १९४८ साली मद्रासला केंद्रीय चर्मसंशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या शेजारी मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन हे तरुण पदार्थविज्ञ कामाचा विषय शोधीत होते. बर्नाल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५२ च्या भेटीत त्यांना सांगितले की, कोलॅजेनची रचना अजून कोणास नीट ठरविता आलेली नाही. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी चर्मसंस्थेतून कोलॅजेनचे नमुने मिळविले. त्यांत कांगारूच्या शेपटीचा स्नायुबंधही होता. त्यांवर क्ष-किरण टाकून त्यांनी १९५४ मध्ये तीन माळांच्या रचनेची कल्पना प्रसिद्ध केली, आणि पुढल्याच वर्षी तिला पीळ देऊन ती सुधारली. माळेतील दर तिसरे ॲमिनो अम्ल ग्लायसिन हे सर्वांत लहान का असावे लागते, याचा खुलासा त्यातून झाला : तीन पदर वळताना मध्ये जागाच तेवढी उरते. ज्या कामाला आम्ही वेशीबाहेर काढले, त्याच कामातील एका प्रथिनाने भारतीय विज्ञानाला जागतिक कीर्ती मिळवून दिली, हे आपण विसरता कामा नये.

आता गाठ कळली, दोर कळला. तरी एक गोष्ट उरलीच. एका माळेवर धातूचे किती अणू बसले, आणि नेमके कोणत्या मण्यावर? जांभळा रंग सांगतो तो कोट्यवधी रेणूंचा एकत्रित कौल. एकेका रेणूची झडती घ्यावयाची, तर त्याचे वजन करता आले पाहिजे. आणि रेणूला तोलणारा तराजू सोनाराकडे मिळत नाही.

तसा तराजू पदार्थविज्ञानाने घडविला. १९१३ च्या सुमारास केंब्रिजमध्ये जे. जे. टॉमसन यांनी निऑन वायूचे भारित अणू विद्युत् आणि चुंबक यांच्या क्षेत्रांतून सोडले, तेव्हा त्यांच्या मार्गाच्या दोन रेषा उमटल्या. एक वीस वजनाची, दुसरी बावीस वजनाची. एकाच मूलद्रव्याचे दोन वजनांचे अणू! त्यांचे शिष्य ॲस्टन यांनी १९१९ साली हे यंत्र परिपूर्ण केले आणि १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळविले. या यंत्राला आपण द्रव्यमान वर्णपटमापक म्हणू. त्याचे तत्त्व साधे आहे. एकाच जोराने फेकलेला चेंडू आणि गोळा यांना वाऱ्याचा सारखा झोत लागला, तर हलका चेंडू अधिक वळतो आणि जड गोळा कमी. वळण मोजले की वजन कळते. आपल्याकडे तुर्भ्याच्या अणुकेंद्राला युरेनियमचे समस्थानिक ओळखण्यासाठी ही यंत्रे आवश्यकच होती, आणि १९७८ साली या शास्त्राची भारतीय संस्थाही तेथेच उभी राहिली.

पण प्रथिनाला हे यंत्र कित्येक दशके उपयोगी पडले नाही. तोलण्यापूर्वी रेणूला हवेत उडवावे लागते, आणि प्रथिन तापविले तर ते उडत नाही, करपते. ऑम्लेट तव्यावरून वाफ होऊन गेले असे आजवर कोणी पाहिलेले नाही! ही अडचण १९८० नंतरच्या दशकात दोन वाटांनी सुटली. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या जॉन फेन यांनी प्रथिनाचे द्रावण बारीक सुईतून काही हजार व्होल्टच्या दाबाखाली फवारले. फवाऱ्यातील थेंब सुकत सुकत लहान होतो, आणि अखेर भारित रेणू तेवढा हवेत उरतो, न जळता. जपानात कोइची तानाका या तरुण अभियंत्याच्या हातून १९८५ साली कोबाल्टच्या सूक्ष्म भुकटीत चुकून ग्लिसरीन मिसळले. भुकटी महाग, टाकून द्यावयास जीव होईना. म्हणून त्याने तशाच मिश्रणावर लेझरचा झोत मारून पाहिला, आणि जड रेणू अखंड उडाले. दोघांनाही २००२ चे नोबेल मिळाले. फेन तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचे होते, आणि तानाकांजवळ डॉक्टरेटही नव्हती. काटकसर ही गृहिणीचीच नव्हे, शास्त्रज्ञाचीही सोबतीण आहे असे म्हणावयास हरकत नाही.

या तराजूवर धातूची गाठ कशी तोलतात ते पाहू. समजा, एका पेप्टाइडाचे वजन १००० आहे. त्याच्या द्रावणात जस्ताचा क्षार घातला आणि यंत्रात फवारला. जस्ताच्या सर्वांत विपुल अणूचे वजन ६४. तो माळेवर बसताना बहुधा हायड्रोजनचे दोन भारित अणू जागा सोडून जातात. म्हणजे वजन ६२ ने वाढते, आणि १००० च्या खुणेशेजारी १०६२ ची नवी खूण उभी राहते. आणखी एक अणू बसला तर ११२४. खुणा मोजल्या की अणू मोजले गेले. बसलेला धातू कोणता, याची साक्षही धातू स्वतःच देतो. तांब्याचे अणू ६३ आणि ६५ अशा दोन वजनांचे असतात, आणि त्यांचे प्रमाण सुमारे ६९ ला ३१ असे असते. म्हणून तांबे बसलेल्या माळेची खूण नेहमी जोडीने येते, एक उंच आणि एक ठेंगणी. क्रोमियमच्या खुणेचे कुटुंब चौघांचे : ५०, ५२, ५३ आणि ५४, त्यांत ५२ हा कर्ता पुरुष. नाव बदलून वावरणारा माणूस जसा चालीवरून ओळखावा, तसा हा धातू ओळखता येतो.

राहिला प्रश्न, बसला कोठे? त्यासाठी यंत्राच्या आत त्या माळेला वायूच्या रेणूंवर आपटून तिचे तुकडे करतात. ज्या तुकड्यांच्या वजनात धातूची भर दिसते ते तुकडे बाजूला काढले आणि पुन्हा जुळविले, की धातूचे आसन उघड होते. मानवी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या अगदी पहिल्या तीन ॲमिनो अम्लांची जागा तांब्याला विशेष प्रिय आहे. त्यांतले तिसरे हिस्टिडिन. आणखी एक उदाहरण देतो. १९५७ साली मार्गोशेस आणि व्हॅली यांना घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम धरून बसलेले एक छोटे प्रथिन सापडले. एका रेणूवर जस्ताचे किंवा कॅडमियमचे सात अणू मावतात. हे सात पाहुणे पंगतीला एकदम बसतात की एकेक करून, असा वाद होता. तराजूने अर्ध्या भरलेल्या पंगतीही दाखविल्या, आणि वादाला पुरावा मिळाला.

तथापि तराजूलाही मर्यादा आहेत. प्रथिन राहते पाण्यात, आणि तोल होतो निर्वात पोकळीत. थेंब सुकताना द्रावण दाट होते, आणि एरवी ज्यांची गाठ पडली नसती असे दोघे उगाच चिकटू शकतात. उलट एखादी नाजूक गाठ आपटण्याआधीच सुटून जाते. म्हणून जाणता संशोधक या एका साक्षीवर निकाल देत नाही. रंग, क्ष-किरण आणि इतर साक्षीदारही तपासतो. शिवाय चामड्याचे कोलॅजेन अखंड उडत नाही. तिन्ही माळा धरून त्याच्या एका रेणूचे वजन तीन लाखांच्या घरात जाते, आणि कमावलेल्या चामड्यात असे रेणू एकमेकांना जखडलेले असतात. त्याचे पाचक द्रव्याने तुकडे करून पेप्टाइडे करावी लागतात, मग ती तोलतात. या पेप्टाइडांच्या वजनांवरून कातडे गाईचे, शेळीचे की मेंढीचे हे सांगण्याची रीतही गेल्या दोन दशकांत बसली आहे.

एवढा प्रवास करून आपण पुन्हा आपल्या पायांपाशी येऊ. या ज्ञानाचा कोल्हापूरला उपयोग काय?

क्रोमची गाठ घट्ट आहे, हा त्याचा गुण. पण जो क्रोम चामड्यावर बसला नाही, तो जातो कोठे? तो सांडपाण्यात जातो. तामिळनाडूत पालार नदीच्या खोऱ्यात चर्मकारखान्यांनी पाणी आणि जमीन नासविली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९९६ साली न्यायालयाने ‘नासाडी करील त्यानेच भरपाई करावी’ हे तत्त्व आपल्या कायद्यात रुजविले. कमावण्यासाठी वापरतात तो तीन भारांचा क्रोम तितकासा घातक नाही. परंतु प्रतिकूल स्थितीत त्याचाच सहा भारांचा क्रोम होऊ शकतो, आणि तो त्वचेला बाधतो व कर्करोगास कारण होतो. युरोपने २०१५ च्या मे महिन्यापासून असा नियम केला की, अंगाला लागणाऱ्या चामड्यात हा जहरी क्रोम किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत पोहोचता कामा नये. आपली बाभूळ-हिरड्याची चप्पल या बाबतीत जात्याच निर्धास्त आहे. जुन्या रीतीच्या कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो, ती वादीने शिवतात. आणि तिच्या चामड्यात क्रोमचा आयनही घातलेला नसतो. हातात घेतलेल्या खिळ्यापासून तो न दिसणाऱ्या अणूपर्यंत, धातूवाचून उभी राहिलेली अशी ही वस्तू आहे.

मात्र यावरून क्रोमला राक्षस ठरवू नये. पातळ, मऊ आणि पाण्याला न भिणारे चामडे त्याने सामान्य माणसाला स्वस्तात दिले. उलट सालीची पद्धत म्हणजे सगळा सुगंध आहे असेही नाही. तिच्याही कुंडाचे पाणी स्वच्छ नसते. आपल्या महाराष्ट्रात वर्ध्याजवळ नालवाडीला गांधीजींच्या प्रेरणेने वाळुंजकरांनी चर्मालय चालविले, ते मेलेल्या जनावरांची कातडी गावातच स्वच्छ रीतीने कमावली जावी आणि कमावणाऱ्याला मान मिळावा म्हणून. पद्धत जुनी की नवी, यापेक्षा ती डोळसपणे आणि माणुसकीने चालविली की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. तोच आजही आहे.

२०१८ च्या डिसेंबरात कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील चार-चार जिल्ह्यांचा त्यावर हक्क मान्य झाला. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या प्रदर्शनात एका इटालियन पेढीने आपल्या चपलेसारखी चप्पल मांडली आणि आपले नाव घेतले नाही, म्हणून केवढा गहजब झाला! पेढीला मग ते नाव घ्यावे लागले. गहजब योग्यच होता. पण नाव राखावयाचे, तर नावामागची वस्तू राखली पाहिजे. आज बाजारात क्रोमच्या चामड्याच्या, इतकेच काय, रेक्झिनच्या चपलाही ‘कोल्हापुरी’ म्हणून विकल्या जातात. आपले पुष्कळ कारागीर कमावलेले चामडे बाहेरगावाहून आणवितात, कारण येथे कुंडावर बसणारे हात उरले नाहीत. कष्ट फार, मिळकत थोडी आणि मान त्याहून थोडा. मुलांनी त्या धंद्यात का यावे? २०१५ च्या कायद्यानंतर बैलाचे कातडेही दुर्मिळ झाले.

येथे तो तराजू कामास येऊ शकतो. चामड्यात क्रोम आहे की नाही, आणि कातडे कोणत्या जनावराचे आहे, हे त्याच्या साहाय्याने निःसंशय सांगता येते. खऱ्या मालाला असा दाखला मिळाला, तर नकली मालाशी झुंजताना आपला कारागीर रिकाम्या हातांनी उभा राहणार नाही. १९६२ पासून आपल्या गावात विद्यापीठ आहे. बाभळीची साल कोणत्या ऋतूत काढावी, हिरडा किती घालावा, पिशवी केव्हा उलटावी, हे जाणणारे जे थोडे वृद्ध उरले असतील, त्यांना विद्यापीठाने सन्मानाने बोलवावे, त्यांच्यासाठी खुर्ची मांडावी, आणि तरुण संशोधकाने वही घेऊन समोर बसावे. यंत्र पुढल्या वर्षीही विकत मिळेल. तो म्हातारा मिळेलच असे नाही.

तेनारचे नाव राहिले, शुल्ट्झचे राहिले, रामचंद्रनांचे राहिले, कारण त्यांचे कोणी तरी लिहून ठेवले. आपल्या कुंडांवरच्या माणसांचे लिहून ठेवण्याची वेळ अजून पुरती टळलेली नाही. चपलेचे मोल करताना आपण तळवा वाकवून पाहतो, वादी ओढून पाहतो. येथून पुढे ‘हे चामडे कमावले कोणी आणि कशाने?’ एवढे दुकानदाराला विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर ही संध्याकाळ कारणी लागली असे मी समजेन.